सात नंबरची टेप

४ जानेवारी

प्रिय कान,

पाकीट जाडजूड आहे म्हणून दचकू नकोस. आत माझं मृत्युपत्र नाही, फक्त आत्मचरित्राचं नववं प्रकरण आहे. डोळ्यांचं तुला माहीतच आहे. उजवा गेल्यात जमा, डावा त्याच्या मर्जीने काम करतो. म्हणून जाड पेनाने, पोराटोरांसारखं मोठं अक्षर काढून लिहितोय. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'हं'च्या पुढे जात नाहीस. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज टेप करत फिरलेल्या बाईने स्वतःचा आवाज इतका पुरवून वापरावा याची मला गंमत वाटते.

पुस्तकाचं नाव 'पापणी न लवता'. प्रकाशकाने सुचवलं, मी मान डोलावली. वीस मार्चला प्रकाशन आहे. मोठं सभागृह घेतलंय, आणि भाषणांआधी कारखान्याच्या फिल्ममधला तो प्रसंग पडद्यावर दाखवणार आहेत. कुठला ते तुला सांगायला नको. मी एकोणीस माहितीपट केले, पण लोकांना माझ्याकडून तेवढंच एक मिनिट हवं असतं. कागदाच्या कारखान्यात बॉयलर फुटतो, अकरा जण जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची आई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटते. त्या एका मिनिटापायी दोन शहरांत सभागृहांवर दगड पडले, मला माणूसघाणा म्हणाले, गिधाड म्हणाले. आणि त्याच मिनिटाने मला जगभर नेलं. 'हा माणूस नजर फिरवत नाही' ही माझी ख्याती तिथून सुरू झाली.

तेव्हा कॅमेरा माझ्याकडे होता आणि माइक तुझ्याकडे. तर यंत्रांची नावं, टेपची लांबी वगैरे तपासून दे. तुझ्यासारखा कान दुसरा नाही.

त्या प्रकरणात तुझ्या ताईबद्दलही थोडं लिहिलंय. ती असताना लिहिणं शक्य नव्हतं. आता तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मलाही काही फार दिवस राहिलेत असं वाटत नाही. शांतपणे वाच.

तुझा,
भाऊजी


११ जानेवारी

भाऊजी,

प्रकरण वाचलं. यंत्रांची नावं बरोबर आहेत. टेप अर्ध्या तासाची नव्हती, पंधरा मिनिटांची होती. तुमचं काम झालं, आता माझं.

पान एकशे बारा. 'ते हसू त्या दृश्यावर माझ्या पत्नीने एडिटिंग टेबलावर जाणूनबुजून चढवलं. मला कळलं तेव्हा फिल्म लोकांसमोर गेलेली होती. मी तिचं नाव कधीच पुढे येऊ दिलं नाही. अडतीस वर्षं शिव्या एकट्याने खाल्ल्या, कारण नवरा म्हणून तेवढं मी तिचं देणं लागत होतो.' हे तुम्ही ज्या टेबलावर बसून लिहिलंत, त्याच टेबलावर ताई तुम्हाला रोज सकाळी औषधं काढून द्यायची. तुमचा हात कसा धजावला?

त्या खोलीत मी होते. एक खिडकी, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात शिवणयंत्र, आणि त्याच्या स्टुलावर मावशी. आपण सगळेच त्यांना मावशी म्हणायचो. घड्याळाची टिकटिक टेपवर येणार हे मला कळत होतं, पण मुलगा गेलेल्या बाईला घड्याळ बंद करा असं सांगायला जीभ उचलेना. माणूस गेलेल्या घरात क्लॅप वाजवायचा नाही हा तुमचाच नियम होता, आणि तो चांगला होता. त्याऐवजी मी कॅमेऱ्यासमोर माइकवर बोटाने एकदा टक् करायचे आणि त्या टक्-वरून ताई चित्राला आवाज जुळवायची. त्या दिवशीही मी टक् केलं. मग मावशींनी तोंड झाकलं. त्या रडल्या, भाऊजी. मला हेडफोन कानांवरून सरकवावे लागले, असं रडल्या.

दुसऱ्याच आठवड्यात मी दुसऱ्या कामावर निघून गेले. वर्षाने परगावी फिल्म पाहिली, आणि मावशींच्या हातांआडून हसू ऐकलं. मी तडक ताईकडे आले. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. 'हे काय केलं भाऊजींनी?' म्हटलं तर तिने चिमटे खाली ठेवले आणि म्हणाली, 'तो विषय पुन्हा काढलास तर माझी शपथ आहे तुला.' मला वाटलं, नवऱ्याच्या पापावर पांघरूण घालतेय. तेव्हापासून मी तुमच्याशी कामापुरतंही बोलले नाही, आणि ताईने त्यानंतर एकही फिल्म एडिट केली नाही.

तर ताईने ते जाणूनबुजून केलं म्हणणं हे धादांत खोटं आहे. तिने ती खोली पाहिलीच नव्हती. तिच्याकडे फक्त डबे यायचे. ते पान काढा. ती आता उठून उत्तर द्यायला येणार नाही, म्हणून मी देतेय.

कान


२० जानेवारी

प्रिय कान,

तू रागावणार हे धरूनच चाललो होतो. उलट तू रागावली नसतीस तर काळजी वाटली असती.

पण एक सांग, एडिटिंगला तू होतीस का? तूच लिहितेस की तू निघून गेली होतीस. मीही उत्तरेकडे दुसऱ्या शूटिंगवर होतो. त्या टेबलाशी तीन महिने ती एकटी होती. खिडकीला काळा कागद, समोर छोटा पडदा, गळ्यात कात्री. त्या अंधारात माणसाला काय सुचेल हे तू आणि मी कोण सांगणार? तिला वाटलं असेल, दुःख एवढं मोठं आहे की त्यात हसूच शोभेल. ती मोठी कलावंत होती. मी प्रकरणात तसं म्हटलंही आहे, ते तू सोडून दिलंस. वाचणाऱ्याला तिच्याबद्दल आदरच वाटेल.

आणि मी काय वाईट केलं? मुलाखतींत मला विचारायचे, 'त्या आईची परवानगी घेतली होती का? लाज वाटली नाही का?' मी प्रत्येक वेळी खाली मान घालून ऐकून घेतलं. एकदाही म्हणालो नाही की बाबांनो, हे माझ्या बायकोचं काम आहे. म्हाताऱ्याला शेवटी पोटातलं ओठांवर आणावंसं वाटलं तर त्याला खोटारडा ठरवू नये.

ती गेली. तिला आता एका पानाने काय फरक पडतो? फरक पडलाच तर मला पडतो. मला अजून लोकांना तोंड दाखवायचंय.

जाता जाता एक. ताई गेल्यावर तिच्या एडिटिंगच्या खोलीतली पत्र्याची पेटी मी तुझ्याकडे पाठवली होती. त्यात फिल्मचे तुकडे नि टेपा असतील. फिल्म संग्रहालयवाले मागे लागलेत. मी माणूस पाठवतो, त्याच्याकडे पेटी आहे तशी दे. ऐकत-बिकत बसू नकोस, जुनी टेप यंत्रावर चढवली की तुटते.

भाऊजी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा माणूस आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. पेटी दिली नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रापर्यंत ती मी उघडलीच नव्हती. सहा वर्षं माझ्या पलंगाखाली होती. झाडताना कुंचा आपटायचा आणि मी म्हणायचे, बघू कधीतरी. ताईच्या हाताचा वास येईल याची भीती वाटायची. पण जन्मभर टेपा जपणाऱ्या माणसाला तुम्ही 'ऐकू नकोस' म्हणालात, तेव्हा माझे कान टवकारले. रेडिओवाल्याकडून जुनं यंत्र दुरुस्त करून आणायला आठ दिवस लागले.

पेटीत तळाशी तीन वस्तू होत्या, फिल्मच्या पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेल्या. पहिली वस्तू एक टेप. खोक्यावर माझंच अक्षर, 'मावशींचं घर, ७'. लावली. आधी माझं टक्, मागे घड्याळाची टिकटिक, आणि मावशींचं हसू. तेच हसू, फिल्ममधलं. मी यंत्र थांबवलं. कारण ते हसू कुठलं हे मला पहिल्या सेकंदाला आठवलं.

स्फोटाच्या आठ दिवस आधी आपण त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा फिल्म साधी कारखान्यावरच होती. मावशी मुलाची गोष्ट सांगत होत्या. तो कामावर लागला त्या पहिल्या दिवशी जेवणाच्या डब्याऐवजी शिवणाच्या बटणांचा डबा घेऊन गेला, दिवसभर उपाशी राहिला, आणि घरी येऊन आईला म्हणाला, 'भाजी मस्त झाली होती.' गोष्टीच्या ऐन मध्यावर सहा नंबरची टेप संपली. मी घाईघाईने सातवी चढवली, सवयीने टक् केलं, आणि तोवर मावशी हसायला लागल्या होत्या. सातवी टेप हसण्यापासूनच सुरू होते.

मग बॉयलर फुटला. माझी नोंदवही कारखान्याच्या ऑफिसात अडकली, पोलिसांनी टाळं ठोकलं होतं. मी नवी वही काढली आणि आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. डोकं ठिकाणावर नव्हतं. गेट, हॉस्पिटल, पुन्हा गेट, असं करत दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी पोचलो तेव्हा पुन्हा सात नंबर आला. पुन्हा खोक्यावर लिहिलं, 'मावशींचं घर, ७'. डबे पाठवताना यादीत सातवर आधीच खूण होती, म्हणून ही दुसरी मागे राहिली. ती माझ्या जुन्या माइकच्या पिशवीत सापडली. तीही लावली. ती रडण्याची आहे.

दुसरी वस्तू मी ताईला पाठवलेलं पोस्टकार्ड. ताईने विचारलं असणार, सात नंबरवर मावशी हसताहेत, असंच आहे का? मी उत्तर दिलंय, 'असंच आहे. मावशी त्या दिवशी फार हसल्या. टक्-वरून जुळव.' मला वाटलं, ती बटणांच्या दिवसाबद्दल विचारतेय.

तेव्हा चूक माझी आहे. ताईने फक्त बहिणीवर विश्वास ठेवला. 

तिसरी वस्तू एक पत्र. शाळेतलं अक्षर. 'मी मावशींची मुलगी. शूटिंगच्या वेळी मी आईच्या मागे उभी होते. आई हसली नव्हती. रस्त्याने जाताना लोक तिला हसणारी बाई म्हणतात. तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला लिहिते. ते काढून टाका.' तारीख फिल्म लागल्यानंतर चार महिन्यांची आहे. म्हणजे ताईला नंतर सगळं कळलं होतं.

आणि तुम्हाला आधीच. मी निघून गेले होते, ताई तिथे कधी नव्हती, पण तुम्ही कॅमेऱ्यामागे होतात, मावशींपासून चार हातांवर. त्या रडल्या हे तुमच्या डोळ्यांना आणि कानांना माहीत होतं. ताईने तयार फिल्म पहिल्यांदा तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

कान


१२ फेब्रुवारी

कान,

चुकीबद्दल काही म्हणालो नाही. तुला खरंच हवंय म्हणून सांगतो. मी खुर्चीत बसलो होतो, ती माझ्या मागे उभी होती. ते मिनिट आलं. मला लगेच कळलं की आवाज चुकलाय. मी तिला थांब म्हणणार होतो. पण अंगावर काटा आला होता, आणि तो जाईना. मी तिला म्हटलं, 'पुन्हा दाखव.' तिने पुन्हा दाखवलं. मग मी म्हटलं, 'छान झालंय.' तिला वाटलं मी तिचं कौतुक करतोय.

रडणाऱ्या आया सगळ्या फिल्मांत असतात. लोक बघतात, हळहळतात, बाहेर जाऊन चहा पितात. ते हसू ऐकून कुणी चहा प्यायला गेलं नाही. कारखान्याची चौकशी लागली ती त्या हसण्यामुळे, हे विसरू नकोस. मी कुणाचा खून केलेला नाही.

मुलीचं पत्र आलं तेव्हा तुझ्या ताईने घर डोक्यावर घेतलं. फिल्म मागे घ्या, माफी मागा. मी तिला एवढंच विचारलं, 'ठीक आहे, कुणाची चूक म्हणून सांगायचं?' तू पंचवीसची होतीस. बाईमाणसाच्या हातात माइक बघून लोक आधीच हसायचे. मेलेल्या मुलाच्या आईची टेप चुकवणारी म्हणून नाव झालं असतं तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. हे तिलाही कळलं. ती गप्प बसली. कात्री खुंटीला लावली ती कायमची. शपथ तुला घातली ती माझ्यासाठी नव्हती.

आता तूच ठरव. पान एकशे बारा काढतो. पण मग जागा रिकामी ठेवता येणार नाही. तिथे खरं लिहावं लागेल, की टेपचा आकडा चुकवला माझ्या मेहुणीने. साठी उलटली तुझी, विद्यार्थी तुला मानतात, तू शिकवतेस त्या संस्थेत तुझ्या नावाची खोली आहे. चालेल?

मला वाटतं, पेटी बांधून पुन्हा पलंगाखाली सारावी हे उत्तम. तुझ्या ताईनेही तेच केलं असतं.

भाऊजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

चालेल. छापा. माझं नाव ठळक घाला.

त्याखाली 'पुन्हा दाखव' आणि 'छान झालंय' हेही छापा. ताईने तेच केलं असतं असं पुन्हा लिहू नका. तिने काय केलं ते मला आता कळलंय. मरेपर्यंत माझ्यासाठी तोंड शिवून बसली, आणि मी तिच्याकडे जाऊन भाऊजींना पाठीशी घालतेस म्हणून तोंड फिरवून बसायचे. शेवटच्या आजारपणातसुद्धा एकदा म्हणाले तसं. ती हसली आणि म्हणाली, 'असू दे गं.'

कान


२५ फेब्रुवारी

प्रिय कान,

तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. प्रकाशकाशी बोललो. पानं जुळून झाली, छपाई सुरू झाली आहे, आता एक ओळही बदलता येत नाही म्हणतो. दुसऱ्या आवृत्तीत बघू.

खोटं कशाला बोलू, मी फार जोरही केला नाही. पहाटेपासून खिडकीत बसून असतो. समोरच्या इमारतीच्या खिडक्या गेल्या महिन्यापर्यंत मोजता यायच्या, आता नुसता पांढरट पडदा दिसतो. पुढची फिल्म नाही. पुढचं काहीच नाही. जे आहे ते मागचं, आणि त्यातलंही ते एक मिनिट. 'पापणी न लवता' म्हणून ज्याला लोक ओळखतात, त्याने आयुष्यात एकदाच, नेमक्या वेळी, डोळे मिटून घेतले होते, हे मी कुणाला सांगू? राहू दे मला तेवढं. पाया पडतो म्हण.

ताई समजून घेईल. ती नेहमीच समजून घ्यायची.

आणि तुला मान मिळावा असं मनापासून वाटतं. वीस तारखेला पहिल्या रांगेत, माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय. ये. हाताला धरून व्यासपीठावर न्यायला कुणीतरी घरचं हवं.

भाऊजी


१० मार्च

भाऊजी,

मी मावशींच्या मुलीला शोधून काढलं. पत्रावर जुना पत्ता होता. तिथे आता गोदाम झालंय, पण शेजारच्या न्हाव्याने सांगितलं की ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुकानाच्या वरच राहते. पन्नाशी उलटलेली, बारीक, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवत होती. मी कोण ते सांगितलं. तिने भिंग काढलं नाही. तसाच स्क्रू घट्ट केला, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून पाहिला, तो गेल्यावर दुकानाचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, 'वर चला.'

मी तिला सगळं सांगितलं. दोन वह्या, दोन सात, माझं कार्ड, तुमचं 'छान झालंय'. ती ऐकत होती. मी म्हटलं, तुझी आई हसली नव्हती, तूच खरी होतीस. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला हाकलून देईल. ती म्हणाली, 'आईला पटलं नसतं.'

मला कळेना. मग तिने सांगितलं. तिने ताईला पत्र लिहिलं ते आईला न विचारता. नंतर आईला सांगितलं तर मावशी म्हणाल्या, 'उगीच लिहिलंस. मी हसले असेन. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही गं. पण पडद्यावर दिसलं ना, सगळ्यांनी ऐकलं. माझाच आवाज होता. तो मी ओळखत नाही का?' आणि आवाज त्यांचाच होता, भाऊजी. त्यांनी बरोबर ओळखला. पोटचा पोर गेला आणि आपण हसलो, हे त्या बाईने खरं धरलं. मी अशी कशी, असं स्वतःला विचारत राहिल्या. त्यानंतर कुणी विनोद केला की त्या उठून आत जायच्या. मुलीच्या लग्नातल्या एकाही फोटोत त्यांचे दात दिसत नाहीत. तिने मला फोटो दाखवले.

ती मुलगी स्वतःसुद्धा पुढे डळमळली. आपण मागे उभ्या होतो, आईचा चेहरा दिसत नव्हता, मग आपलंच चुकलं असेल असं तिला वाटायला लागलं. शेवटी घरात त्यावर बोलणंच बंद झालं.

मी टेपा आणि यंत्र बरोबर नेलं होतं. विचारलं, कुठली लावू? म्हणाली, त्या दिवशीची. लावली. दहा सेकंदांत तिने हात वर केला. 'पुरे. हे मला माहीत होतं.' मग म्हणाली, 'आता दुसरी.' मी सहा नंबरही पेटीतून शोधून काढली होती. आधी ती लावली, म्हणजे बटणांची गोष्ट पहिल्यापासून येईल. ती जमिनीवर बसून, गुडघ्यांना हातांचा विळखा घालून ऐकत होती. 'भाजी मस्त झाली होती' आलं आणि टेप संपली. मी सातवी चढवली. टक्. मावशी हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिने चटकन तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि म्हणाली, 'पुन्हा लावा.'

भाऊजी, तुम्हीही 'पुन्हा दाखव' म्हणाला होतात. मी चार वेळा लावली.

नंतर तिने विचारलं, 'ही टेप तुमच्याकडे किती वर्षं होती?' मी म्हटलं, सहा. पलंगाखाली. तिने खोक्यावरचं माझं अक्षर वाचलं. मग म्हणाली, 'आई दोन वर्षांपूर्वी गेली.'

तेवढंच म्हणाली. त्यात राग नव्हता. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणजे चार वर्षं, भाऊजी. चार वर्षं मावशी होत्या, त्यांचं हसू माझ्या पलंगाखाली होतं, आणि मी कुंचा आपटला की म्हणत होते, बघू कधीतरी. तुम्ही अडतीस वर्षं गप्प राहिलात, त्यातली ही चार माझी आहेत. ती मी कुणावर ढकलू शकत नाही.

मी तिला प्रकाशनाला चल म्हटलं. तिने नकार दिला. पुस्तकात काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला फक्त बटणांच्या दिवसाच्या दोन टेपा हव्या होत्या. दिल्या. यंत्रही तिथेच ठेवलं, नाहीतर ती ऐकणार कशावर? तेव्हा ते हसू कुठल्या दिवसाचं, हे ऐकवायला आता माझ्याकडे काही नाही. संग्रहालयाला कळवा.

वीस तारखेला मी येते. शेजारच्या खुर्चीत बसेन, हाताला धरून व्यासपीठावरही नेईन. घरचंच माणूस हवं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण दृश्य लागायच्या आधी माइक मी घेणार आहे. मला तीन वाक्यं बोलायची आहेत. टेप मी चुकवली. माझ्या बहिणीला ते माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. पाठ झाली आहेत, आवाज कापणार नाही.

त्यानंतर लोकांना हवंच असेल तर ते मिनिट खुशाल दाखवा. आवाज मात्र बंद ठेवायला सांगा. तो आता मावशींच्या मुलीचा आहे.

कान